‘ने’ म्हणजे ‘बाय’ नव्हे

या महिन्याच्या पत्रांत पॅसिव्ह व्हॉइसवरच्या शंका इतक्या निघाल्या, की बाकीचे प्रश्न मी पुढच्या अंकासाठी बाजूला ठेवले आहेत. बत्तीस वर्षं सातारा जिल्ह्यातल्या एका शाळेत मी इंग्रजी शिकवलं. मुलांना सगळ्यात जास्त रडवणारा धडा कोणता असं कुणी विचारलं, तर मी याच धड्याचं नाव घेईन. म्हणून आज घाई न करता लिहिते.

प्रश्न : माझा मुलगा दहावीत आहे. ‘रामाने आंबा खाल्ला’ हा कर्मणी प्रयोग, असं मराठीच्या तासाला शिकवलं. इंग्रजीच्या तासाला ‘राम ॲट अ मँगो’ हे वाक्य ॲक्टिव्ह म्हणून दिलं. एकच वाक्य मराठीत कर्मणी आणि इंग्रजीत ॲक्टिव्ह कसं, असं तो विचारतो. मला सांगता आलं नाही. – एक आई, इचलकरंजी

ताई, आधी मुलाच्या पाठीवर थाप द्या. ही शंका ज्याला येते त्याला दोन्ही भाषा नीट ऐकू येतात. त्याचे दोन्ही शिक्षक बरोबर आहेत. घोटाळा आहे तो ‘कर्मणी’ आणि ‘पॅसिव्ह’ हे शब्द एकाच अर्थाचे मानण्यात.

मराठीत क्रियापद कुणाचं ऐकतं, यावर प्रयोग ठरतो. ‘रामाने आंबा खाल्ला, रामाने पोळी खाल्ली, रामाने आंबे खाल्ले.’ राम तोच आहे, क्रियापद मात्र आंब्याप्रमाणे आणि पोळीप्रमाणे बदलतंय. म्हणजे ते कर्माचं ऐकतंय, म्हणून कर्मणी. पण गोष्ट कुणाची चालली आहे? रामाचीच. वाक्याच्या तोंडाशी तोच आहे, खाणाराही तोच. भूतकाळात सकर्मक क्रियापद आलं की आपली भाषा बहुतेक वेळा असंच बोलते. ‘मी पत्र लिहिलं’, ‘आईने भाजी आणली’, ही सगळी कर्मणी आहेत आणि यातल्या एकाचंही इंग्रजी पॅसिव्हमध्ये करायचं नसतं. ‘ने’ दिसला की मुलं ‘बाय’ लिहितात. इथेच पाय घसरतो.

इंग्रजीत प्रश्न वेगळा असतो : कर्त्याच्या खुर्चीत कोण बसलंय? काम करणारा बसला असेल तर ॲक्टिव्ह. ज्याच्यावर काम झालं तो बसला असेल तर पॅसिव्ह. ‘द मँगो वॉज ईटन बाय राम’ यात खुर्ची आंब्याला दिली. याच्या जवळ जाणारं मराठी वाक्य ‘रामाकडून आंबा खाल्ला गेला’. आपल्या व्याकरणात याला नवीन कर्मणी म्हणतात. मुलाला सांगा, ‘ने’ बघू नकोस, ‘गेला’ शोध.

हा ‘गेला’ फार कामाचा आहे. मी फळ्यावर पंपाचं वाक्य घ्यायची, कारण आमच्या गावात नळपाण्याचा पंप सारखा बिघडायचा आणि मुलांना ते वाक्य कानाला ओळखीचं होतं. पंप दुरुस्त केला जातो : ‘द पंप इज रिपेअर्ड’. केला जात आहे : ‘इज बीइंग रिपेअर्ड’. केला गेला : ‘वॉज रिपेअर्ड’. केला गेला आहे : ‘हॅज बीन रिपेअर्ड’. केला जाईल : ‘विल बी रिपेअर्ड’. केला गेलाच पाहिजे : ‘मस्ट बी रिपेअर्ड’. आता ही सगळी वाक्यं मुलाला मोठ्याने वाचायला लावा. मराठीत ‘केला’ जागचा हलला नाही, सगळी धावपळ ‘जाणे’ या क्रियापदाने केली. इंग्रजीत ‘रिपेअर्ड’ जागचं हललं नाही, धावपळ ‘बी’ने केली. इज, वॉज, बीन, बीइंग ही सगळी ‘बी’चीच रूपं. काळ ‘बी’वर चढवायचा आणि मुख्य क्रियापदाचं तिसरं रूप पुढे ठेवायचं, एवढीच घडण आहे. आणि तिसरं रूप म्हणजे तिसरंच. ‘ॲट’ नव्हे ‘ईटन’, ‘रोट’ नव्हे ‘रिटन’, ‘स्टोल’ नव्हे ‘स्टोलन’. हे पाठ करण्याला पर्याय नाही. रोज पाच, असं ठरवलं तर दिवाळीच्या सुट्टीत होऊन जातं.

एक प्रसंग सांगते. गाइडांमध्ये हा धडा फुलीसारख्या बाणांनी समजावलेला असतो : इकडचा शब्द तिकडे, तिकडचा इकडे. मीही पहिली काही वर्षं तसेच बाण काढले. एकदा आठवीतल्या एका मुलीने वहीत लिहिलं, ‘मँगो वॉज ॲट बाय राम’. मी तिला जवळ बोलावून विचारलं, या वाक्याचा अर्थ काय गं? ती हळूच म्हणाली, ‘माहीत नाही बाई, उलटं केलंय.’ त्या दिवसापासून मी बाण बंद केले. वाक्य उलटं करायला सांगण्याआधी विचारू लागले, ‘आता गोष्ट कुणाची सांगायची?’ गोष्ट आंब्याची सांगायची असेल तर आंब्याला पुढे आणा. त्याचं काय झालं ते सांगा. कुणी केलं हे सांगायची गरज असेल तरच ‘बाय’. पुष्कळदा ती नसतेच. ‘माय सायकल वॉज स्टोलन’ यापुढे ‘बाय अ थीफ’ लिहून काय मिळतं?

प्रश्न : मी बारावीत आहे. निबंधात ‘ॲन ॲक्सिडेंट वॉज हॅपन्ड’ असं लिहिलं तर सरांनी ‘वॉज’ खोडला. अपघात स्वतःहून काही करत नाही, तो होतो. मग पॅसिव्ह का नाही? – विद्यार्थिनी, वाशीम

तुझा विचार अर्थाच्या बाजूने चुकलेला नाही, पण पॅसिव्ह करायला कर्म लागतं. खुर्चीत आणून बसवायचं तेच जर वाक्यात नसेल तर बसवणार कुणाला? ‘हॅपन’ला कर्म नाही. ‘डाय’, ‘अराइव्ह’, ‘अपिअर’, ‘ऑकर’, ‘रिमेन’ यांनाही नाही. ही क्रियापदं पॅसिव्हच्या वाटेला जात नाहीत. ‘ॲन ॲक्सिडेंट हॅपन्ड’, बस.

तुझी चूक कुठून आली तेही सांगते. ‘अपघात झाला होता’ असं मनात आलं, त्यातल्या ‘होता’साठी हाताने ‘वॉज’ लिहिला. ‘होता’ म्हणजे नेहमी ‘वॉज’ नव्हे. ‘तो आला होता’ याचं ‘ही वॉज केम’ होत नाही, ‘ही हॅड कम’ होतं.

याच ओघात एक गोष्ट मला फार सुंदर वाटते. आपल्या मराठीत जोड्या आहेत : फुटणे-फोडणे, तुटणे-तोडणे, पडणे-पाडणे, फाटणे-फाडणे, सुटणे-सोडणे. घरात कप खाली पडला की लेकरू म्हणतं, ‘आई, कप फुटला.’ कुणी फोडला ते बाजूलाच राहतं, आणि त्यासाठी ‘फोडला गेला’ म्हणायची वेळ येत नाही. इंग्रजीत बऱ्याच वेळा एकच क्रियापद दोन्ही कामं करतं. ‘द कप ब्रोक’ म्हणजे फुटला, ‘शी ब्रोक द कप’ म्हणजे तिने फोडला. आणि ‘द कप वॉज ब्रोकन’ म्हटलं की ऐकणाऱ्याच्या मनात कुणीतरी फोडणारा उभा राहू शकतो. ‘फुटला’ला ‘ब्रोक’ पुरतं. तू निबंध लिहिताना मराठी क्रियापद फुटणेच्या रांगेतलं आहे की फोडणेच्या, एवढं मनाशी विचार. निम्म्या चुका तिथेच थांबतील.

प्रश्न : ‘आय बॉर्न इन नांदेड’ का चुकीचं? – एक वाचक

कारण ‘बॉर्न’ हे ‘बेअर’ या क्रियापदाचं तिसरं रूप आहे, आणि ‘बेअर’चा इथला अर्थ जन्म देणे. जन्म आई देते. आपल्याला तो दिला जातो. म्हणून ‘आय वॉज बॉर्न’. ‘डॉक्टर आंबेडकर वॉज बॉर्न इन महू ऑन फोर्टीन्थ एप्रिल एटीन नाइंटी-वन’, असं वाक्य पाठ करून ठेवा. मराठीत ‘जन्मलो’ हे आपलं स्वतःचं क्रियापद असल्याने ‘वॉज’ खटकतो, पण तो सोडता येत नाही.

प्रश्न : बाई, मी तुमची जुनी विद्यार्थिनी. आता पुण्यात नर्स आहे आणि परदेशी जाण्यासाठी ओईटीची, म्हणजे डॉक्टर-नर्सेससाठी असलेल्या इंग्रजीच्या परीक्षेची, तयारी करतेय. क्लासमधले सर सांगतात, चांगल्या इंग्रजीत पॅसिव्ह वापरत नाहीत, सगळं ॲक्टिव्ह करा. पण नमुन्याच्या पत्रांत तर जागोजागी पॅसिव्ह दिसतो. कुणाचं ऐकू?

बाळ, तुझं पत्र वाचून खूप बरं वाटलं. नमुन्याच्या पत्रांचं ऐक.

‘पॅसिव्ह टाळा’ या सल्ल्यामागे चांगला हेतू आहे. इंग्रज लेखक जॉर्ज ऑर्वेल यांनी १९४६ साली राजकारण आणि इंग्रजी भाषा यांवर निबंध लिहिला. ॲक्टिव्ह चालत असेल तिथे पॅसिव्ह कधीच वापरू नका, असा एक नियम त्यात आहे. पुढाऱ्यांच्या धूसर भाषेवर त्यांचा राग होता आणि तो योग्यच होता. पण त्याच निबंधाच्या पहिल्या वाक्यात ‘इट इज जनरली अझ्यूम्ड’ आहे, म्हणजे पॅसिव्हच. तिथे ‘कोण मानतं’ याला महत्त्व नव्हतं, म्हणून तो आला आणि शोभला.

तुझ्या पत्राचा विचार कर. ओईटीत तुम्हाला केस नोट्स देतात आणि त्यावरून साधारण १८० ते २०० शब्दांचं पत्र लिहायचं असतं, बहुतेक वेळा पुढच्या नर्सला किंवा डॉक्टरांना. त्या पत्रात गोष्ट कुणाची? पेशंटची. समज, खुब्याचं हाड मोडलेल्या एक आजी आहेत. ‘शी वॉज ॲडमिटेड ऑन थर्ड मार्च.’ ॲडमिट कुणी करून घेतलं, खिडकीवर कोण बसलं होतं, हे पुढच्या नर्सला नको आहे. ‘शी वॉज ऑपरेटेड द नेक्स्ट डे.’ इथे थांब. हे वाक्य अपुरं आहे, आणि आपल्याकडे जवळपास सगळे असंच लिहितात. इंग्रजीत डॉक्टर पेशंटला ‘ऑपरेट’ करत नाहीत, ‘ऑपरेट ऑन’ करतात. पॅसिव्ह केला तरी तो ‘ऑन’ क्रियापदाला चिकटूनच राहायला हवा : ‘शी वॉज ऑपरेटेड ऑन द फॉलोइंग मॉर्निंग’ असं वाचताना तो ‘ऑन’ क्रियापदाचा आहे, सकाळचा नाही. ‘नेक्स्ट डे’ घ्यायचा तर वाक्य असं होईल : ‘शी वॉज ऑपरेटेड ऑन द नेक्स्ट डे’. हे बरोबर आहे, पण तो ‘ऑन’ क्रियापदाचा की दिवसाचा, यावर कान अडखळतो. म्हणून मी सरळ ‘शी अंडरवेंट सर्जरी द नेक्स्ट डे’ लिहीन. हा ॲक्टिव्ह आहे, तरी गोष्ट आजींचीच राहते.

‘गिव्ह’ क्रियापदाला दोन कर्मं असतात, म्हणून त्याचे दोन पॅसिव्ह होतात : ‘पॅरासिटामॉल वॉज गिव्हन टू हर’ आणि ‘शी वॉज गिव्हन पॅरासिटामॉल’. मराठी मनाला पहिलं सोपं जातं, कारण ‘तिला’ हा शब्द आपल्याकडे खुर्चीत बसत नाही. इंग्रजीत बसतो, आणि पत्रात दुसरंच शोभतं.

पण आजींनी जे स्वतः केलं ते ॲक्टिव्हमध्येच लिही. ‘शी रिफ्यूज्ड ब्रेकफास्ट. शी वॉक्ड टू द टॉयलेट विथ सपोर्ट.’ माणूस आजारी पडला की त्याच्यावर सगळं केलंच जात असतं. जेवढं त्याने आपणहून केलं तेवढं तरी त्याच्या नावावर राहू दे.

आणि एक फरक वॉर्डात रोज उपयोगी पडेल. रात्री कसलासा आवाज आला, तू धावत गेलीस तेव्हा पेशंट कॉटजवळ फरशीवर होता. काय लिहिशील? ‘ही फेल फ्रॉम द बेड’ लिहिलंस तर तू पडताना पाहिलंस असा अर्थ होतो. कदाचित तो पडला नसेल, उठून चालायला गेला असेल आणि चक्कर येऊन बसला असेल. ‘ही वॉज फाउंड ऑन द फ्लोअर बिसाइड द बेड ॲट टू फिफ्टीन’ हे खरं. जे पाहिलं तेवढंच. इथे पॅसिव्ह काही लपवत नाही, उलट न पाहिलेलं सांगण्यापासून तुला वाचवतो. शिवाय तुझ्या नोंदीखाली तुझी सही असते. कोण म्हणतंय हे कागदावर आहेच.

तुझे सर ज्याला घाबरतात तो पॅसिव्ह निराळा. जानेवारी १९८७ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष रोनाल्ड रेगन इराणला गुपचूप शस्त्रं विकल्याच्या प्रकरणाबद्दल संसदेसमोर बोलले, त्यात ‘सीरियस मिस्टेक्स वेअर मेड’ असे शब्द होते. चुका झाल्या, पण केल्या कुणी? खुर्चीत चुका बसवल्या आणि करणारा दाराबाहेर ठेवला. औषध चुकीचं दिलं गेलं असेल तर ‘द राँग डोस वॉज गिव्हन’ एवढ्यावर थांबू नकोस. कुणी दिलं, किती वाजता, कुणाला कळवलं, हे यायलाच हवं. ‘आय इन्फॉर्म्ड द ड्यूटी डॉक्टर ॲट टू ट्वेंटी’ असं ‘आय’ने सुरू होणारं वाक्य लिहायला कचरू नकोस.

प्रश्न : ‘बाय’च वापरायचा की ‘विथ’, ‘टू’, ‘ॲट’ही चालतात? – शिक्षक, लांजा

करणारा असेल तर ‘बाय’, हत्यार असेल तर ‘विथ’ : ‘द लॉक वॉज ब्रोकन बाय द नेबर विथ अ हॅमर’. ‘नोन’पुढे ओळख असलेल्या माणसासाठी ‘टू’ येतो : ‘ही इज नोन टू मी’. ‘सरप्राइज्ड’ला ‘ॲट’ चालतो, ‘फिल्ड’ला ‘विथ’. सर, मुलांना एक जास्तीचं जरूर सांगा : ‘शी मेड मी क्राय’ यात ‘टू’ नाही, पण पॅसिव्ह केला की तो परत येतो, ‘आय वॉज मेड टू क्राय’. परीक्षेत गुण इथेच जातात.

प्रश्न : मी आमच्या सोसायटीचा सचिव आहे. इंग्रजी नोटीस लिहिली : ‘इट इज हिअरबाय इन्फॉर्म्ड टू ऑल मेंबर्स दॅट वॉटर सप्लाय विल बी रिमेन क्लोज्ड ऑन संडे.’ एका सभासदाने चुका काढल्या. सरकारी पत्रं अशीच असतात ना? – डोंबिवली

सरकारी मराठी पत्रं अशी असतात, आणि म्हणूनच तुमचं इंग्रजी असं झालं. ‘सर्व सभासदांना कळविण्यात येते की’ हे वाक्य आपल्या अंगात इतकं भिनलंय, की त्याचा एकेक शब्द उचलून आपण इंग्रजीत ठेवतो. ‘सभासदांना’चं ‘टू ऑल मेंबर्स’, आणि ‘येते’ला कर्ता सापडत नाही म्हणून ‘इट’. इंग्रजीत ‘इन्फॉर्म’चं कर्म म्हणजे माणूस, त्याला ‘टू’ लागत नाही. म्हणून माणसालाच खुर्चीत बसवायचं : ‘ऑल मेंबर्स आर इन्फॉर्म्ड दॅट’. आणि ‘रिमेन’ला कर्म नाही, वर वाशीमच्या मुलीला सांगितलं तेच कारण. ‘विल रिमेन क्लोज्ड’.

कायद्याच्या भाषेत पॅसिव्ह असतो हे खरं, पण तो कसा असतो ते बघा. शेवटची काही वर्षं मी फळ्यावर आंब्याऐवजी संविधानाचं सतरावं कलम लिहायची : ‘अनटचेबिलिटी इज अबॉलिश्ड अँड इट्स प्रॅक्टिस इन एनी फॉर्म इज फॉरबिडन.’ संविधान सभेने हे कलम २९ नोव्हेंबर १९४८ रोजी मंजूर केलं. ‘इज अबॉलिश्ड’ आणि ‘इज फॉरबिडन’, दोन पॅसिव्ह. कुणी नष्ट केली हे तिथे लिहिलेलं नाही. कर्त्याच्या जागी अस्पृश्यतेलाच उभं केलंय आणि तिचं काय झालं तेवढं दोन शब्दांत सांगितलंय. तिच्या शेजारी दुसरा कुणी उभा केला असता तर नजर त्याच्याकडे गेली असती. त्याच संविधानाची उद्देशिका मात्र ‘वुई, द पीपल ऑफ इंडिया’ने सुरू होते, कारण तिथे करणारे कोण हेच सांगायचं होतं. वर्गात ही दोन वाक्यं एकाखाली एक लिहिली की खडू खाली ठेवून मी गप्प उभी राहायची. मुलं आपणहून बोलायला लागायची.

मला निवृत्तीनंतर एका कार्यालयातून इंग्रजी पत्र आलं होतं : ‘युअर पेपर्स हॅव बीन मिसप्लेस्ड. द इन्कन्व्हीनिअन्स कॉझ्ड इज रिग्रेटेड.’ माझे कागद हरवले, पण हरवणारं कुणी नाही. खेद वाटला, पण तोही कुणाला वाटला ते नाही. पाच महिने मी त्या दोन वाक्यांना धरून जिने चढत होते. एका खिडकीवरच्या तरुण कारकुनाने शेवटी मान वर करून सांगितलं, ‘मॅडम, माझ्याकडून राहिलं, मी आज शोधतो.’ संध्याकाळपर्यंत कागद सापडले. त्याचं ते वाक्य मी अजून विसरलेले नाही.

तर सचिवसाहेब, पाणी टाकी धुण्यासाठी बंद राहणार असेल, तर नोटिशीत ‘समिती टाकी धुणार’ हे नावानिशी सांगा, म्हणजे शंका असेल तो कुणाला फोन करायचा ते जाणेल. पाणी कोण बंद करणार हे कुणालाच नको आहे, तिथे पॅसिव्ह ठेवा. आणि लोकांनी काय करायचं ते सरळ सांगा. मी अशी लिहीन, वेळ तुमच्याप्रमाणे बदला : ‘द कमिटी विल क्लीन द वॉटर टँक्स ऑन संडे. द वॉटर सप्लाय विल बी टर्न्ड ऑफ फ्रॉम नाइन ए. एम. टू टू पी. एम. प्लीज स्टोअर वॉटर ऑन सॅटर्डे नाइट.’ आणि खाली ‘सचिव’ या शब्दाच्या वर तुमचं पूर्ण नाव.